डायनासोरचा खरा रंग कळतो तरी कसा?

कोथरूडची_आई
नमस्कार मंडळी, मुलगी चौथीत आहे, तिला शाळेसाठी राजासौरसचं चित्र काढायचंय. घरातल्या एका पुस्तकात तो हिरवा आहे नि दुसऱ्यात तपकिरी, आता ती विचारतेय खरा कुठला, हाडांवरून रंग कसा काय कळतो? शास्त्रज्ञ शोधून काढतात की चित्रकार मनाने भरतात?

दगडमाती_पुणे
ताई, बरीच वर्षं चित्रकारच भरायचे, मगरी-सरड्यांकडे बघून. पण आता काही डायनासोरांचा रंग खरंच कळलाय. पिसांत, केसांत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते मेलॅनोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलेलं. काळ्या रंगाच्या पिशव्या तांदळासारख्या लांबट आणि तांबूस रंगाच्या मोहरीसारख्या गोल, त्यामुळे आकार बघून रंग सांगता येतो. जीवाश्म पिसांवर हे कण आधीही दिसले होते पण सगळे म्हणायचे हे पीस कुजवणारे बॅक्टेरिया. मग याकोब विंथर नावाचा अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा विद्यार्थी माकुळासारख्या प्राण्यांच्या शाईचे जीवाश्म बघत होता, शाई म्हणजे मेलॅनिनच, ती टिकते तर पिसातलं का नाही टिकणार? 2008 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलचं एक पट्टेरी पीस इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासलं, तर काळ्या पट्ट्यात कण खचाखच आणि पांढऱ्या पट्ट्यात नुसता दगड. बॅक्टेरिया काही पट्टे बघून बसत नाहीत ना! 2010 मध्ये चीनच्या सायनोसॉरोप्टेरिक्सची शेपटी तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांची निघाली, आणि अँकिऑर्निस काळा-पांढरा, डोक्यावर तांबूस तुरा. मला हे अजूनही थक्क करतं.

मुळाकाठ
मग मोरासारखा निळा-हिरवा असेल तर? मोराच्या पिसात निळा रंग नसतोच असं वाचलंय.

दगडमाती_पुणे
बरोबर, तिथे मेलॅनोसोमची रचनाच प्रकाश खेळवते. तीही कधीकधी कळते, मायक्रोरॅप्टर नावाचा पिसांचा डायनासोर कावळ्यासारखा चमकदार काळा होता हे 2012 मध्ये तसंच समजलं. अडचण वेगळीच आहे, पिवळ्या-केशरी रंगांची कॅरोटिनॉइड्स सहसा टिकत नाहीत, त्यामुळे झगझगीत रंग सुटून जाऊ शकतात.

टेकडीवाला
पिसं नसलेल्यांचंही थोडं कळलंय. कॅनडातल्या खाणीत सापडलेला बोरिआलोपेल्टा, जवळजवळ 1300 किलोचा चिलखती प्राणी, त्याच्या कातडीच्या रसायनांवरून तो तांबूस-तपकिरी, वर गडद नि खाली फिका असावा असं 2017 मध्ये मांडलं. असा रंग लपायला उपयोगी, म्हणजे एवढ्या धिप्पाड प्राण्यालाही शिकाऱ्याची भीती होती!

कोथरूडची_आई
सगळ्यांचे खूप आभार 🙏 मग राजासौरस?

टेकडीवाला
त्याची गुजरातेत रहिओलीजवळ फक्त हाडं मिळालीत, नाव 2003 मध्ये दिलं. कातडी नाही त्यामुळे रंगाचा पुरावाच नाही. त्याच्याच कुळातल्या अर्जेंटिनाच्या कार्नोटॉरसच्या कातडीचे ठसे आहेत, त्यावरून खवले होते एवढं कळतं. तिला सांगा खवले नीट काढ, डोक्यावरचं छोटं शिंग विसरू नकोस आणि रंग तुझ्या आवडीचा दे, फक्त चित्राखाली लिही की रंग माझ्या कल्पनेतला.