सरावाचा प्रयोग उलटा आला, तातडीने मदत हवी आहे

शटलवेडी: पीएच.डी.चं तिसरं वर्ष. बॅडमिंटन सर्व्हिसवर प्रयोग केला. 36 जण, दोन गट. एका गटाला एकच सर्व्हिस ओळीने, दुसऱ्याला शॉर्ट, लाँग, ड्राइव्ह आलटूनपालटून. सगळी पुस्तकं म्हणतात आलटूनपालटूनवाले जिंकतात. माझे सपाटून हरले. सोमवारी गाइडना आकडे दाखवायचेत, नोकरीच्या अर्जातही हाच प्रयोग मिरवलाय. काय करू? 'धीर धर' सांगायला येऊ नका.

रिकामा_बाक: चाचणी कधी घेतली?

शटलवेडी: सराव संपल्यावर. आणखी कधी घेणार?

कोच_काका: ते सोडा. मुलांना बघायला काय सांगितलंत, मनगट की शटल पडते ती जागा? संशोधक गाब्रिएले वुल्फ यांचं 1998 चं स्की-सिम्युलेटरचं (स्कीइंगची नक्कल करणाऱ्या यंत्रावरचं) काम वाचा. लक्ष शरीराबाहेर ठेवलं की शिकणं सुधारतं.

रिकामा_बाक: काका, कुणी झोप येत नाही म्हटलं तरी तुम्ही लक्ष बाहेर ठेवायला सांगाल. @शटलवेडी, संपल्यावर म्हणजे किती वेळाने? आणि कुठल्या क्रमाने?

मोकळा_पक्षी: प्राध्यापकीचा नाद सोडा. मानसशास्त्रवाले म्हणतात तुम्ही शारीरिक शिक्षणातले, शारीरिक शिक्षणवाले म्हणतात तुम्ही मानसशास्त्रातले. दोन मुलाखतींत हेच ऐकलं. आता थेट खेळाडूंबरोबर काम करतो, मजेत आहे.

शटलवेडी: हे मी विचारलंय का? पाच मिनिटांनी घेतली. ओळीनेच, दहा शॉर्ट, दहा लाँग, दहा ड्राइव्ह. मोजायला सोपं पडतं.

रिकामा_बाक: मग पेपरच एका गटाच्या सोयीचा काढलात! शे आणि मॉर्गन या संशोधकांनी 1979 मध्ये सराव संपल्यावर 10 मिनिटांनी आणि 10 दिवसांनी तपासलं, तेही दोन्ही क्रमांनी. ओळीने शिकलेले आलटूनपालटून चाचणीत आपटले. गूड आणि मॅगिल यांनी 1986 मध्ये याच तीन सर्व्हिस घेतल्या, चाचणी दुसऱ्या दिवशी. तुम्ही शिकणं मोजलंच नाही, त्या घटकेचा हात मोजलात.

कोच_काका: मैदानावर खऱ्या मुलांत हा फरक दर वेळी दिसतोच असं नाही हो. नवख्यांना आधी ओळीनेच द्यावं.

रिकामा_बाक: ते मान्य. पण आधी चाचणी तर नीट होऊ दे.

शटलवेडी: सगळ्यांना फोन केले. 22 जण शनिवारी येतायत, दोन्ही क्रमांनी घेते. मधल्या काळात कुणी खेळलं का, तेही विचारते.

कोच_काका: शटल पिसांची की नायलॉनची?

शटलवेडी: सरावाला नायलॉनची. चाचणीला पिसांची, नायलॉनची संपली होती.

रिकामा_बाक: अहो, हे आत्ता सांगताय?