गिन्नान (गिन्कोच्या बिया) घ्यायचेत, कुठले घेऊ? बजेट १००० येन

रविवारची_भाजी:
नमस्कार मंडळी. टोकियोत निशीकासाईला राहतो. पुढच्या आठवड्यात आईबाबा कोल्हापूरहून येतायत, त्यांना इथलं सीझनचं काहीतरी खायला घालायचंय. मागे इझाकायात (इथला जपानी बार) काडीला टोचून भाजलेले गिन्नान खाल्लेले, वर नुसतं मीठ, जाम आवडले. आता सुपरमार्केटात कवचासकट पिशवी दिसते आणि उकडून सोललेले पाऊचपण दिसतात. कुठले घेऊ? घरी करायचे कसे? पौष्टिक असतात का? आई अंडं-मासे खात नाही, बाबांना सगळं चालतं, मुलगी ४ वर्षांची आहे. बजेट १००० येन, त्याच्यावर नको.

नागोयाकर:
गिन्नान खायचे तर सोबुएचे, बाकी सगळं टाइमपास. आमच्या आइची प्रांतात इनाझावा शहरात हा भाग येतो, घरोघरी अंगणात गिन्को, मूळात थंडीतला वारा अडवायला लावलेली झाडं, आता त्याच्यावरच धंदा चालतो. जाती पण आहेत, किन्बेई लवकर येतो, मग क्यूजू, तोकुरो उशिरा येतो पण दाणा मोठा. तुम्ही तोकुरोच घ्या. मी थेट शेतकऱ्याकडून किलोची पेटी मागवतो, चार हजारांच्या आसपास जाते पण एकदा खाल्लीत की सुपरमार्केटकडे बघणार नाही.

रविवारची_भाजी:
दादा, बजेट वर लिहिलंय हो.

नागोयाकर:
चांगल्या मालाला पैसे पडणारच. आईबाबा रोज रोज येतात का?

यमानोते:
पैसे कशाला घालवताय, टोकियोत जिथे मादी झाड आहे तिथे फुटपाथवर सडा पडलेला असतो. मी पहाटे जाऊन पिशवी भरून आणतो. वरचा पिवळा गर पाण्यात कुजवायचा, चोळून काढायचा, धुवून उन्हात वाळवायचं, झाले गिन्नान. खर्च शून्य.

अडकित्ता:
आणि वास? खवट लोण्यात असतं तेच ब्युटिरिक ॲसिड त्या गरात असतं. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने बाल्कनीत बादली भरून कुजवत ठेवलेले, मजल्यावरच्या सगळ्यांनी तक्रार केली. शिवाय उघड्या हाताने गोळा करू नका. मी केले आणि मनगटापासून कोपरापर्यंत फोड, अगदी बिब्बा उतल्यावर येतात तसे. गरातलं गिन्कोलिक ॲसिड हे काजूच्या टरफलातल्या तेलात जे असतं त्याच जातीचं आहे, त्यामुळे कोकणातल्या लोकांना नवीन सांगायला नको. कवचासकट धुतलेली पिशवी घ्या, तीनचारशे येनला मिळते.
करायची पद्धत: खाकी कागदी पाकीट घ्यायचं, खिडकीवालं नको, त्यात दहाबारा गिन्नान आणि चमचाभर मीठ, तोंड दोनतीनदा दुमडायचं, मायक्रोवेव्हला लावायचं. मिनिटभरात पट पट फुटायला लागतात, तीनचार आवाज आले की बंद. आधी प्रत्येकाला शिवणीवर हलकी चीर पाडून घ्या, त्यासाठी आपला अडकित्ता बेस्ट.

यमानोते:
अडकित्त्याने आतला दाणा कापला जातो. पक्कड वापरा.

अडकित्ता:
ज्याला अडकित्ता धरता येत नाही त्याचा कापला जातो.

सिंगापुरी_काकू:
आमच्याकडे चायनीज लोक याचं गोड करतात, सोयाच्या दुधाची साय असते ना वाळवलेली, ती आणि बार्ली घालून गोड सूप, वर हे दाणे. त्यांच्यातलेच तिओच्यू लोक आळकुड्यांच्या जातीच्या मोठ्या कंदाचा गोड लगदा करतात त्यावरही घालतात. दाणा उभा चिरून मधला हिरवा कोंब काढून टाकायचा, तो कडू असतो. चव म्हणाल तर आपल्या उकडलेल्या फणसाच्या आठळीसारखी, फक्त जरा चिकट आणि शेवटी किंचित कडसर. मुलीला पण द्या हो, माझा नातू लहानपणापासून खातोय, काही होत नाही.

औषधवाली:
काकू, राग मानू नका पण हे कृपया नको. ४ वर्षांच्या मुलीला एकसुद्धा देऊ नका. गिन्नानमध्ये मेथिलपायरिडॉक्सिन नावाचं द्रव्य असतं, ते शरीरात बी-सिक्स जीवनसत्त्वाचं काम अडवतं, त्यामुळे मेंदूला शांत ठेवणारं गाबा कमी पडतं आणि मग उलट्या आणि सरळ झटके येतात, काही तासांतच. भाजून, उकडून ते जात नाही, पाऊचमधल्यातही असतंच. सगळ्यात जास्त त्रास ५-६ वर्षांखालच्या मुलांना झालेला आहे. युद्धानंतरच्या टंचाईत जपानात लोक हे पोट भरायला खायचे तेव्हा माणसं दगावलीत. मुलीने चुकून खाल्ले आणि त्रास झाला तर घरी ओकारी काढायला जाऊ नका, ११९ (इथली ॲम्ब्युलन्स) लावा आणि गिन्नान खाल्लेत हे आधी सांगा. मोठ्यांनीही वाटी घेऊन बसायचं नाही, एका वेळी पाचसात पुरे. फिट्सचा त्रास असलेल्यांनी तर नाहीच.

सिंगापुरी_काकू:
आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई.

यमानोते:
जपानी लोक म्हणतात वयापेक्षा जास्त गिन्नान खाऊ नयेत. म्हणजे आजोबांना सत्तर चालतील 😄

औषधवाली:
नाही चालणार. आणि त्या हिशोबाने ४ वर्षांच्या पोरीला ४ द्याल, तेही नको. ते मुलांना आवरायला म्हणतात, डोस नाही तो.

सदाशिवपेठी:
पुण्यात कुठे मिळेल? आणि उपासाला चालतं का? आणि माझी बहीण म्हणते गिन्कोने स्मरणशक्ती वाढते, आईला द्यायचं होतं.

औषधवाली:
स्मरणशक्तीसाठी विकतात त्या कॅप्सूल पानांच्या अर्काच्या असतात, बियांचा त्याच्याशी संबंध नाही. स्मरणशक्ती खरंच वाढते असंही पक्कं दिसलेलं नाही. आई रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका.

खवय्या७७:
पौष्टिकचं कुणी सांगितलंच नाही. याला बदाम-अक्रोडाच्या रांगेत बसवू नका. १०० ग्रॅम ताज्या दाण्यात फॅट २ ग्रॅमसुद्धा नाही, स्टार्चच मुख्य, कर्बोदकं ३७-३८ ग्रॅम, प्रोटीन ४ च्या आसपास, कॅलरी १८० वगैरे. पोटॅशियम बरं असतं, थोडं सी जीवनसत्त्व. पण खायचेत पाचसात दाणे, त्यात काय पौष्टिक होणार, चवीसाठी खा. बाबांना चावानमुशी करून द्या, अंड्याचं वाफवलेलं कस्टर्ड, तळाशी दोन गिन्नान. आईंना गिन्नानगोहान, म्हणजे तांदूळ, मीठ, कोम्बूचा तुकडा आणि सोललेले दाणे, सगळं कुकरला. बाहेर खायला नेलंत तर दाशीचं, म्हणजे जपानी रश्श्याच्या पाण्याचं विचारा, त्यात बोनितो मासा असतो, शाकाहारी म्हणून देतात आणि नसतं.

सदाशिवपेठी:
कोम्बू पण समुद्रातलंच ना? मग ते शाकाहारी कसं?

खवय्या७७:
शेवाळ आहे हो ते, मासा नाही.

नागोयाकर:
परत सांगतो, उकडलेले पाऊच घेऊ नका. रंग पिवळट, चव पाणचट. ऑगस्ट-सप्टेंबरातले ताजे गिन्नान पाचूसारखे हिरवे असतात, आता नोव्हेंबरला पिवळे होत चाललेत तरी कवचातलेच बरे.

अडकित्ता:
+१ कवचासकट. आतलं तपकिरी साल निघत नसेल तर पाणी उकळून त्यात दाणे टाका, थोडा खायचा सोडा, आणि पळीच्या पाठीने गोल गोल घासा. निघतं.

यमानोते:
+१ कवचासकट. पण विकत नका घेऊ.

रविवारची_भाजी:
सगळ्यांचे आभार. पाऊच आणले, दोन 🙏 घरात चार वर्षांची पोर असताना कवचं फोडत बसायला आणि दाणे टेबलाखाली शोधायला वेळ नाही. पाऊच फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, तिच्या हाताला लागणार नाहीत असे. आईसाठी आठळ्यांची भाजी करतो तशीच करणार, जिरं, हिरवी मिरची, ओलं खोबरं, आणि ताटात मोजून सहा. बाबांना बटरवर परतून, सोया सॉसचे दोन थेंब. पोरीला त्याच काडीला टोचून उकडलेले मक्याचे दाणे. सोबुए पुढच्या वर्षी बघू.

नागोयाकर:
मग विचारलंत कशाला?

सदाशिवपेठी:
उपासाचं राहिलं.