मंगोल लिपी: शब्द डोळ्यांना दिसतो, शोधात सापडत नाही?

खिळेजुळारी:
मंडळी, मंगोलियातल्या उलानबातरच्या एका गिऱ्हाइकाचं पत्रक लावतोय, उभ्या मंगोल लिपीत. ‘उलागान’ म्हणजे लाल. पडद्यावर शब्द ढळढळीत दिसतोय, पण शोधलं की ‘आढळला नाही’. फाँट दोनदा बदलला. डोकं फिरायची वेळ आलीय.

अर्धाचंद्र:
फाँट बिचारा निर्दोष आहे. मंगोलमध्ये ‘ओ’ आणि ‘उ’ दिसायला सारखेच, पण युनिकोडात, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, वेगळे: ‘ओ’ १८२३, ‘उ’ १८२४ (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत). संकेत उच्चाराला दिलाय, आकाराला नाही. कुणीतरी ‘ओलागान’ टंकलं असणार. शब्दाच्या सुरुवातीचं, मधलं, शेवटचं रूप फाँट ठरवतो. नेहमीपेक्षा निराळं हवं असेल तर अक्षरानंतर एक अदृश्य निवडचिन्ह घालायचं. १९९९ पासून हेच चालू आहे.

बोरूबहाद्दर:
हसू नका, आपलंही तेच. ‘दऱ्या’ नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) ऱ-ने लिहा, नाहीतर र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्हाने. दिसायला एक, शोधायला दोन.

खिळेजुळारी:
सापडलं! पहिलंच अक्षर १८२३ होतं. टंकणाऱ्याने छापील कागद बघून आकार उतरवला, भाषा येत नव्हती. (मला तरी कुठे येते!) आता ‘त’ आणि ‘द’ तपासतो, तेही शब्दाच्या मध्ये जुळे भाऊ दिसतात.

अर्धाचंद्र:
ते मात्र मंगोल वाचणाऱ्याकडूनच तपासून घ्या, दादा. २०२५ पासून तिकडे सरकारी कागद सिरिलिक आणि उभी मंगोल अशा दोन्ही लिप्यांत काढायचा कायदा आहे, असली कामं अजून येतील.