विषय: तेराव्या वर्षी बेसबॉलची ट्रायआउट (निवड चाचणी), घरी काय सराव घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या धाकट्याला पुढच्या महिन्यात तेरावं लागतंय. चार वर्षं साध्या लीगमध्ये मजेत खेळला. आता मित्र ट्रॅव्हल टीमकडे (गावोगाव स्पर्धा खेळणाऱ्या निवडक संघाकडे) निघाले, म्हणून यालाही ट्रायआउट द्यायची आहे. आम्हा दोघांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. बॅटिंग बरी आहे म्हणतात. पण गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच मोठ्या मैदानावर खेळला आणि तिसऱ्या बेसवरून फेकलेला चेंडू दोन टप्पे घेत पहिल्या बेसला पोचला. तेव्हापासून "माझ्या हातात जोरच नाही" हे एकच पालुपद चालू आहे. खासगी कोच लावू का?

– एक गोंधळलेली आई

———

ताई,

कोचचं नंतर बघू. आधी त्याला सांगा, हात तोच आहे, मैदान वाढलंय. लहान मैदानावर चार बेसच्या चौकोनात शेजारच्या दोन बेसमध्ये ६० फूट असतात, म्हणजे तिसऱ्यावरून पहिल्यापर्यंत तिरकी फेक साधारण ८५ फुटांची. पूर्ण मैदानावर बेस ९० फुटांवर जातात आणि तीच फेक होते १२७ फुटांची! माउंडसुद्धा, म्हणजे पिचर (आपला गोलंदाज) जिथून चेंडू टाकतो तो उंचवटा, ४६ फुटांवरून थेट ६० फूट ६ इंचांवर. काही लीगमध्ये ५०/७० किंवा ५४/८० (माउंड/बेसचं अंतर, फुटांत) अशी मधली पायरी असते. ट्रायआउट कुठल्या मापावर आहे ते आजच विचारून घ्या, सराव त्यावरच ठरेल.

लांब फेक पायांतून येते. आमचा चिरंजीव चेंडू उचलायचा आणि उभ्या उभ्या नुसत्या दंडाने भिरकवायचा. मग आम्ही दोन आठवडे चेंडूच काढून घेतला. वाकून ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) उचलल्याची नक्कल, उजवं पाऊल आडवं पुढे, डावा खांदा निशाण्याकडे, छोटी उडी, आणि मोकळा हात पुढे. रोज वीसदा, दात घासण्याआधी. बायको म्हणाली, पोरगं नाच शिकतंय. पाय आपोआप पडायला लागले तेव्हा चेंडू परत दिला, आणि टप्पे दोनाचा एक झाले.

दुसरी गोष्ट भिंत. छातीच्या उंचीला टेपने चौकोन करा, वीसेक फुटांवरून टेनिस बॉल मारायचा आणि परत येणारा उचलायचा. ग्लोव्ह जमिनीला टेकलेला, बोटं खाली, दुसरा हात वर झाकणासारखा. पंधरा मिनिटं पुरे. एकट्याने करता येतं, कुणाच्या मिनतवाऱ्या नाहीत.

बॅटिंगला टी, म्हणजे चेंडू ठेवायची उभी दांडी. सरसकट शंभर फटके नकोत. टी आतल्या बाजूला, मधे, बाहेरच्या बाजूला अशी हलवून प्रत्येक जागी आठ-दहा. आतला चेंडू पुढे गाठायचा, बाहेरचा थोडा मागे येऊ देऊन उलट्या दिशेला मारायचा. इथे आपण क्रिकेटवाले बाप घात करतो. मी वर्षभर "बॅट सरळ आण, कोपर वर" म्हणून ओरडत होतो. इथे आधी कंबर फिरते, मागून हात येतात. मी गप्प बसलो आणि त्याची बॅटिंग सुधारली.

माझा आणखी एक पराक्रम: पोरगा उजखोरा म्हणून पहिला ग्लोव्ह उजव्या हाताचा आणला. ज्या हाताने फेकायचं तो मोकळा लागतो, हे दुकानातून घरी आल्यावर सुचलं.

नवी बॅट इतक्यात घेऊ नका. लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉलची मोठी संस्था) २०१८ पासून बॅटवर यूएसए बॅट या मानकाचा शिक्का लागतो, बऱ्याच ट्रॅव्हल स्पर्धांत यू-ट्रिपल-एसएचा (USSSA) चालतो. ही यू-ट्रिपल-एसएची बॅट लिटल लीगमध्ये चालत नाही. टीम ठरू द्या.

आणि त्याला आवडत असेल तर कॅचरचे (आपल्या यष्टिरक्षकासारखा) कपडे चढवून बघा. त्या जागेला उमेदवार नेहमीच कमी.

– माजी क्रिकेटवाला बाबा

———

दादांचं सगळं पटलं, फक्त एक राहिलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पिचरची आईपण.

या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं वाढीचं हाड अजून पक्कं जुळलेलं नसतं. स्नायूआधी तेच दुखावतं. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट तक्त्यात १३-१४ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच (पिचरने टाकलेले चेंडू) आहेत. ६६ किंवा त्याहून जास्त टाकले की चार दिवस विश्रांती. वर्षात किमान चार महिने फेकणं बंद. आमच्याकडे घोटाळा मोजण्यात झाला. शनिवारी एक टीम, रविवारी दुसरी. दोन्ही कोच आपापले आकडे चोख मोजत होते, बेरीज कुणीच करत नव्हतं. सोमवारी पोराला दप्तर उचलताना कळ आली तेव्हा मी कागद-पेन घेतलं. तो कागद अजून फ्रिजवर आहे.

पिचिंग आणि कॅचिंग एकाच मॅचमध्ये मुळीच नको. कोपर दुखतंय म्हणाला की त्या दिवशी फेकणं बंद, "थोडंच दुखतंय" असलं तरी. भिंतीवरच्या फेकीही हातानेच होतात, विसरू नका.

– फ्रिजवाली

———

दोघांचेही मनापासून आभार. कोच सध्या लांबणीवर. मैदान ५४/८० चं निघालं, हे ऐकूनच आमच्या छोट्या साहेबांचा चेहरा खुलला. गॅरेजच्या भिंतीवर चौकोन झालाय. पहिला चेंडू छपरावर गेला, तो ह्यांनी मारलेला. फ्रिजवर कागदही लावलाय, अजून कोरा आहे.

ता. क. ग्लोव्ह तपासला. त्याचा बरोबर आहे. त्याच्याबरोबर खेळायला मी स्वतःसाठी मागवला, तो मात्र उजव्या हातात घालायचा निघाला. कुणाचं लेकरू डावखुरं असेल तर कळवा, कोरा करकरीत आहे.

– गोंधळ थोडा कमी झालेली आई