मे महिन्यातील मुंबई आणि मॉनिटरच्या पेटीतील थर्मोस्टॅट

प्रश्न (मुलुंड):
माझ्याकडे केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर रीतसर नोंदवलेली अ‍ॅकी मॉनिटर, म्हणजे काटेरी शेपटीची ऑस्ट्रेलियन घोरपड आहे. तिची पेटी लाकडी, चार फूट लांब व दोन फूट रुंद असून पुढचे दार काचेचे आहे. एका टोकाला शंभर वॅटचा हॅलोजन दिवा आहे आणि त्याखालच्या दगडाशेजारी थर्मोस्टॅटचा सेन्सर ठेवून तो ३८ अंशांवर लावला आहे. सध्या खोलीतच ३३-३४ अंश असल्यामुळे दिवा सारखा बंद होतो, प्राणी दिवसभर बिळात राहतो आणि त्याचे खाणेही कमी झाले आहे. थर्मोस्टॅट काढून दिवा सतत चालू ठेवला, तर पेटीचे दुसरे टोकही ३६ अंशांवर जाते. थर्मोस्टॅट नेमका किती अंशांवर ठेवावा?

प्रतिसाद (दादर):
नुसता आकडा बदलून हा प्रश्न सुटणार नाही, कारण सेन्सरच चुकीच्या जागी आहे. मॉनिटर तापलेल्या दगडाला पोट टेकवून आणि वरून किरणे घेऊन शरीर ३६ ते ३८ अंशांपर्यंत नेते व मग स्वतःच उठून जाते. त्यासाठी अ‍ॅकीला दगडाचा पृष्ठभाग ५५ ते ६५ अंश लागतो, त्याभोवतालची हवा नव्हे. आपला थर्मोस्टॅट ३८ वर दिवा बंद करतो, म्हणजे तिला ऊनच मिळत नाही, आणि ऊन मिळाले नाही तर अन्न पचत नाही.

दगड कडक तापावा, पण पेटी तापू नये, असे साधायला हवे. शंभरऐवजी पन्नास वॅटचा दिवा लावून दगड त्याच्या जवळ आणावा. तापलेला भाग तिच्या धडाएवढा तरी असावा, नाहीतर पाठीचा एकच ठिपका भाजतो. थंड टोकाला खाली आणि दिव्याच्या टोकाला वर जाळी बसवली, की गरम हवा आपोआप बाहेर पडते. सेन्सर थंड टोकाला न्यावा आणि खोलीपेक्षा दोन अंश वर लावून त्याचा उपयोग केवळ सुरक्षेसाठी करावा. तरीही मे महिन्यात थंड टोक २५ ते २८ अंशांवर आणायचे, तर दुपारी वातानुकूलन लागेल, किंवा दिवा सकाळी सात ते अकरा एवढाच लावावा लागेल. दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

प्रतिसाद (गिरगाव):
वरील उत्तराला विजेच्या अंगाने थोडी जोड देतो. हॅलोजनला प्लॅस्टिकचा होल्डर चालत नाही. लोहार चाळीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, चिनीमातीचे होल्डर सहज मिळतात. दिव्याभोवती जाळीचा पिंजराही हवा, कारण अ‍ॅकी उडी मारून दिव्याला लटकते. दगडाचे तापमान मोजण्यासाठी इन्फ्रारेड गन घ्यावी, मात्र काचेचे दार उघडूनच मोजावे, कारण काचेआडून ती केवळ काचेचे तापमान दाखवते. शिवाय बारास एक प्रमाणाची (अंतर बारा, तर वर्तुळ एक) गन साठ सेंटिमीटरवरून धरली, तर पाच सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी सांगते. लहान दगड असेल तर ती शेजारची गार मातीही मोजते आणि आकडा फसवा येतो. तेव्हा जवळून मोजावे.

प्रतिसाद (ठाणे):
बिळाविषयी कोणी बोलले नाही. वाळूमिश्रित माती फूटभर खोल आणि आतून ओलसर असली, तर वरची हवा तापली तरी खाली दोन-तीन अंश गार राहते आणि प्राण्याला तिथे आसरा मिळतो. म्हणून नुसते बिळात बसणे हे आजाराचे लक्षण समजू नये. तोंड उघडून गळा हलवत बसली असेल, तर मात्र तिला उष्णता सहन होत नाही असे समजून दिवा ताबडतोब बंद करावा. आपल्याकडच्या दमट हवेत अशा धापण्याने शरीर फारसे गार होत नाही, हे कोरड्या प्रदेशातल्या पाळणाऱ्यांच्या सूचना वाचताना ध्यानात ठेवावे. जाता जाता एक गोष्ट इतर वाचकांसाठी: आपल्या रानातली घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती पाळता येत नाही.

प्रश्नकर्ता (मुलुंड):
सेन्सर हलवतो, जाळीही बसवून घेतो. रात्रीसाठी सिरॅमिक हीटर घ्यावा का?

प्रतिसाद (दादर):
मुंबईत त्याची गरज नाही. रात्री २२ अंशांपर्यंत उतरलेले तिला चालते, आणि बंद खोलीत जानेवारीतही पारा सहसा त्याखाली जात नाही.