ट्राऊटसाठी आर्कान्सा: मोसम कोणता?

"आर्कान्सासारख्या उकाड्याच्या राज्यात कसला ट्राऊट, सरळ मोंटाना गाठा" असं अमेरिकेत ट्राऊट (गार पाण्यातला मासा) गळाने धरू पाहणाऱ्यांना सांगितलं जातं, ते मला पटत नाही. आर्कान्सातल्या बहुतेक ट्राऊट नद्या धरणांच्या जिवावर चालतात. जलाशयाच्या तळाचं गार पाणी टर्बाइनमधून खाली येतं, म्हणून ऐन उन्हाळ्यातही पाय बधिर होतात. १९९२ साली तिथल्याच लिटल रेड नदीत ४० पौंड ४ औंसांचा ब्राऊन ट्राऊट (ट्राऊटचीच एक जात) सापडला होता, तो २००९ पर्यंत जागतिक विक्रम होता. आर्कान्सातल्याच बेंटनव्हिल शहरातल्या आयटीवाल्या मंडळींना तर व्हाइट रिव्हर शनिवार-रविवारात आरामात होते.

मात्र मोठाच मासा हवा असेल तर मे-जूनचा बेत सोडा, कडाक्याच्या थंडीत जा. तेव्हा व्हाइट रिव्हरवरच्या बुल शोल्स जलाशयातले शॅड नावाचे छोटे मासे गारठून अर्धमेले होतात आणि टर्बाइनमधून खाली वाहत येतात. एरवी खोल पाण्यात दडून बसणारे थोराड ब्राऊन या फुकटच्या पंगतीला हमखास हजर! आम्ही मित्र गेलो तेव्हा बारीक फ्लाय (गळाला लावायची नकली आमिषं) गुंडाळून ठेवल्या आणि शॅडसारखी दिसणारी बोटभर लांबीची पांढरी, पिसांची फ्लाय लावली. ती ओढायची नाही. मेल्यासारखी प्रवाहाबरोबर जाऊ द्यायची. पण धरणातून पाणी सोडलेलं असताना नदीत उतरून उभं राहायचं नाही, होडीच करायची. कमी पाण्यात उतरलात तरी काठाजवळचा एखादा दगड हेरून ठेवा. तो बुडायला लागला की लगेच बाहेर, गळाला काहीही लागलेलं असो. मासेमारीच्या परवान्यासोबत ट्राऊट परमिट वेगळं घ्यावं लागतं, तेही विसरू नका.