119 पराभव : नाचता येईना की अंगणच वाकडं?

हिशेबनीस

अमेरिकेतल्या कोलोरॅडो रॉकीज या बेसबॉल संघाचा 2025 चा हंगाम 43 विजय आणि 119 पराभवांवर संपला. काढलेल्या धावा 597, दिलेल्या 1021. ही 424 धावांची तूट आधुनिक बेसबॉलमधली सर्वांत मोठी. याआधीचा नकोसा मान 1932 च्या बोस्टन रेड सॉक्सकडे होता, साडेतीनशेच्या आसपासचा. 2024 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स 121 सामने हरले, म्हणून रॉकीजची अब्रू थोडक्यात वाचली असं काही जण म्हणतात. धावांचा रकाना पाहिला तर काहीही वाचलेलं नाही.

आता ठरलेलं कारण पुढे येणार. डेन्व्हरचं कूर्स फील्ड 5,200 फुटांवर, हवा विरळ, चेंडू वळत नाही आणि उडाला की थांबत नाही. नाचता येईना अंगण वाकडं! घरी 25-56 (विजय-पराभव), बाहेर 18-63. डोंगर काही संघाबरोबर विमानात बसून मायामीला जात नाही.

दोष कार्यालयात आहे, आणि त्याच्या तारखा आहेत. फेब्रुवारी 2021: तिसऱ्या बेसवरचा आपला सर्वोत्तम खेळाडू नोलन अरेनाडो सेंट लुईसला दिला आणि वर 5 कोटी डॉलरच्या आसपास रक्कमही दिली. त्याच वर्षाअखेर पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) जॉन ग्रेचा करार संपला. अशा खेळाडूला एका वर्षाचा ठरीव रकमेचा प्रस्ताव द्यायचा असतो. तो नाकारून तो गेला, तर ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) जादा निवड मिळू शकते. रॉकीजनी प्रस्तावच दिला नाही. ग्रे टेक्सासला गेला, 2023 ची वर्ल्ड सिरीज जिंकला. 2022: क्रिस ब्रायंटला 7 वर्षांचे 18.2 कोटी. पहिल्या 4 हंगामांत तो खेळला 170 सामने, 2025 मध्ये तर 11. जुलै 2022: 37 वर्षांचा डॅनियल बार्ड शेवटचा डाव बंद करायला मैदानात उतरत होता आणि कारकिर्दीच्या भरात होता. अशा पिचरला जुलैअखेर विकून दोन-तीन तरुण पोरं घ्यायची, हे कोणताही तळाचा संघ करतो. यांनी त्याला 2 वर्षांचे 1.9 कोटी दिले. 2024 मध्ये त्याने मोठ्या लीगमध्ये एकही चेंडू टाकला नाही.

यातल्या कुठल्या निर्णयाला उंची कारणीभूत आहे, सांगा.

कोरडीहवा

ब्रायंटचं समर्थन कोणीच करणार नाही, तो मुद्दा तुमचा. पण अंगण वाकडं आहे, आणि किती ते मोजता येतं.

कूर्स फील्डवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण 18 टक्क्यांनी कमी. चेंडू फिरतो तेव्हा हवा त्याला ढकलते, म्हणून तो वळतो. हवा कमी तर ढकलणंही त्याच प्रमाणात कमी. जो कर्व्ह (हळू, खाली वळणारा चेंडू) समुद्रसपाटीला 18 इंच वळायचा, तो इथे जेमतेम 15 इंच. बॅटची जाडी अडीच इंचांच्या आसपास असते, तेव्हा 3 इंचांत सगळा संसार आला. वेगवान चेंडूचं उलट नुकसान. उलट्या फिरकीमुळे तो अपेक्षेपेक्षा कमी खाली पडतो आणि बॅटर त्याच्या खालून बॅट फिरवतो. डेन्व्हरला तो ‘तरंग’ही आटतो आणि चेंडू बरोबर बॅटच्या पोटात येऊन बसतो.

बाहेरच्या 18-63 चं उत्तरही यातच आहे. घरी आठवडाभर कमी वळणारे चेंडू पाहून डोळा बसतो, आणि मग लॉस एंजेलिसला पहिल्याच दिवशी पूर्ण वळणारा स्लायडर (वेगात बाजूला वळणारा चेंडू) समोर येतो. पाहुणा संघ हा त्रास 3 दिवस सोसतो. यांचे 81 सामने घरी, म्हणजे ही उलथापालथ हंगामभर. त्यामुळे डोंगर विमानात बसतो बरं का, बॅटरच्या डोळ्यांत.

गुगलीवाला

क्रिकेटवाल्याची शंका. जोहान्सबर्गही साडेपाच हजार फुटांच्या वर आहे. तिथे वेगवान गोलंदाज रडत नाहीत, उलट हात चोळत येतात. मग डेन्व्हरलाच काय झालं?

कोरडीहवा

@गुगलीवाला, क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा खातो. जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानावर जी मदत मिळते ती मुख्यतः खेळपट्टीची: उसळी, शिवण, गवत. हवेत कमी हलला तरी टप्प्यानंतर हलतो. बेसबॉलमध्ये टप्पाच नाही. पिचरकडे तीनच गोष्टी: वेग, दिशा आणि हवा. त्यातली एक डेन्व्हर काढून घेतं.

पर्पलरांग

दोघंही मैदानाचा अर्धाच भाग सांगताय. कूर्सवर लोक होम रनला घाबरतात, पण खरा मार एकेरी-दुहेरी फटक्यांचा. उंचीची भरपाई म्हणून कुंपण लांब ठेवलं: डावीकडे 347 फूट, मध्यभागी 415, उजवीकडे 350. एवढं मोठं आउटफील्ड तिघांनी राखायचं. बाहेर जो चेंडू झेल होतो, तो इथे दोघांच्या मधे पडतो आणि पहिल्या बेसवरचा गडी थेट घरी येतो, म्हणजे धाव.

चेंडूचं म्हणाल तर 2002 पासून तिथे ह्युमिडॉर आहे, म्हणजे दमट हवेचं कपाट. कोरड्या हवेत चेंडूचं कातडं आणि आतली लोकर सुकते, चेंडू हलका होतो, बॅटवरून जास्त उसळतो आणि बोटांना गुळगुळीत लागतो. कपाटातल्या ओलाव्याने तिन्ही दोष कमी होतात. 1999 मध्ये त्या एका मैदानावर 303 होम रन झाले होते. ते दिवस गेले. पण कपाट चेंडू सुधारतं, हवा नाही. शिवाय 2022 पासून सगळ्याच मैदानांवर ती कपाटं आहेत.

हिशेबनीस

भौतिकशास्त्र मान्य. निष्कर्ष अमान्य.

2018 मध्ये काइल फ्रीलँडने हंगामभर 2.85 चा ईआरए राखला (9 डावांमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा, 4 म्हणजे ठीकठाक, 6 म्हणजे घरी बसा). आणि घरच्या मैदानावर किती? 2.40. डेन्व्हरचाच पोरगा, त्याच विरळ हवेत. 2010 मध्ये उबाल्दो हिमेनेस 19-8, ईआरए 2.88. 2009 ला संघ 92 सामने जिंकला, 2018 ला 91. तेव्हा डेन्व्हर काय समुद्रकिनारी होतं? 2025 मध्ये सुरुवातीच्या पिचरांचा ईआरए 6.65. उंची तीच, हवा तीच, मग मधे बदललं काय?

कोरडीहवा

33 हंगामांत अशी दोन-चार नावं सापडतात, हाच माझा पुरावा. दुसरी बाजूही मांडा. माइक हॅम्प्टनला डिसेंबर 2000 मध्ये 8 वर्षांचे 12.1 कोटी दिले. 2001 मध्ये ईआरए 5.41, आणि दोन हंगामांनंतर त्याला दुसऱ्याच्या गळ्यात बांधावं लागलं. 2012 मध्ये वैतागून पाचऐवजी चारच सुरुवातीचे पिचर ठेवले आणि प्रत्येकाला 75 चेंडूंची मर्यादा घातली. हेतू असा की तिसऱ्यांदा तोच बॅटर समोर यायच्या आत पिचर बदलायचा. झालं असं की रोज 4-5 डाव मागच्या पिचरांवर पडले, तेही ऑगस्टपर्यंत पिळून निघाले. 98 पराभव. कार्यालयाने काहीच केलं नाही असं नाही. जे केलं ते अंगणाने गिळलं.

आणि 2025 चाच दाखला घ्या. नवोदित चेस डोलँडर, 2023 च्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड. बाहेर ईआरए साडेतीनच्या आसपास, घरी जवळपास 10. हात तोच, बोटं तीच. याला कार्यालय कसं जबाबदार?

तीनतेरा

डोलँडरचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय, साहेब. घरी 10 आणि बाहेर साडेतीन दिसत असताना घरी आणि बाहेर चेंडूंचं मिश्रण बदलायला हवं की नको? विरळ हवेत वळणाचं नुकसान होतं, पण सगळ्या चेंडूंचं सारखं नाही. बंदुकीच्या गोळीसारखा स्वतःच्या वाटेभोवती फिरणारा स्लायडर मुळात हवेच्या ढकलण्यावर जगतच नाही, तो डेन्व्हरला जवळजवळ तसाच येतो. कटरचंही (किंचित वळणारा वेगवान चेंडू) बरंचसं तसं. चेंजअपचा (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) डाव वेगातल्या फरकावर, तो फरक उंचीवर कायम राहतो. मोठा कर्व्ह आणि वरच्या पट्ट्यातला वेगवान चेंडू हे दोन घरी आखडते घ्यायचे. ही काही गुप्त विद्या नाही. पण त्यासाठी कॅमेरे, आकडे वाचणारी माणसं आणि खालच्या संघापासून तीच शिकवण लागते. रॉकीजचा आकडेवारी विभाग वर्षानुवर्षं लीगमधल्या सर्वांत लहानांपैकी होता. ज्या संघाला त्याची गरज सर्वांत जास्त, त्याच्याकडेच ती माणसं सर्वांत कमी! ही उंचीची चूक नाही.

बाकावरचा

माणसं घ्यायला पैसे लागतात. त्याच गटात डॉजर्स, पगारपत्रक 30 कोटींच्या वर. वर सॅन डिएगो, सॅन फ्रान्सिस्को. एनएफएलसारखी (अमेरिकन फुटबॉलची लीग) पगाराची कमाल मर्यादा बेसबॉलमध्ये नाही. मालक डिक मॉनफोर्ट ती जाहीरपणे मागतात, आणि त्यात चूक काय? 1 डिसेंबर 2026 ला खेळाडूंबरोबरचा करार संपतोय, तेव्हा यावरच भांडण होणार आहे. तोवर हे पोस्टमॉर्टेम कशाला?

हिशेबनीस

@बाकावरचा, मिलवॉकी. बेसबॉलमधली सर्वांत छोटी बाजारपेठ, पगारपत्रक रॉकीजच्याच पंगतीतलं. 2025 मध्ये 97 विजय, अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक. मर्यादा आली तर डॉजर्सची हवा कमी होईल, ब्रायंटचा करार मात्र तसाच राहील, 2028 पर्यंत.

गल्ल्याकडेही बघा. 119 पराभवांच्या वर्षात 24 लाखांच्या आसपास प्रेक्षक आले. उन्हाळ्यातली संध्याकाळ, मागे रॉकी पर्वत, वरच्या गच्चीवर बिअर. मैदानासमोरच्या हॉटेल-दुकानांच्या संकुलातही मालकांचा वाटा. हरण्याची किंमत मोजावी लागत नाही, मग बदलायची घाई कोणाला? मुख्य प्रशिक्षक बड ब्लॅकना 11 मे रोजी काढलं, तेव्हा 7-33 झाले होते. आदल्याच दिवशी सॅन डिएगोने 21-0 ने धुतलं होतं. त्याच ब्लॅकना आदल्या हंगामानंतर मुदतवाढ मिळाली होती, लागोपाठ दोनदा 100 हून जास्त सामने हरल्यावर.

पर्पलरांग

इथे एक गोष्ट नोंदवतो, नाहीतर चित्र एकरंगी होईल. 9-50 अशी सुरुवात झाल्यावर उरलेले 103 सामने 34-69 गेले. वाईटच, पण नेहमीच्या तळाच्या संघाइतकं वाईट. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पिट्सबर्गने पहिल्याच डावात 9-0 केलं आणि हे 17-16 ने जिंकले. कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) हंटर गुडमनचे 31 होम रन. कॅचर रोज बसून-उठून गुडघे झिजवतो, त्यात त्या उंचीवर दम भरून यायला वेळ लागतो. हे 31 सोप्या जागेवर खेळणाऱ्याच्या 40 च्या तोडीचे मानतो मी. तरी शेवटी पगार खाणारे जुने आणि राबणारे नवे, हा तोल बिघडलेलाच.

बाकावरचा

निदान ड्राफ्टमध्ये पहिला नंबर तरी लागला असेल ना? एवढं हरल्याचं काहीतरी चीज.

तीनतेरा

तेही नाही. पहिले नंबर ठरवणाऱ्या लॉटरीतून जास्तीत जास्त दोन वर्षं लागोपाठ निवड मिळते. महसुलात वाटा देणाऱ्या मोठ्या संघांना तर एकच वर्ष. रॉकीज 2024 ला तिसरे होते, 2025 ला चौथे (इथन हॉलिडे, मॅट हॉलिडेचा मुलगा). म्हणून 2026 ला लॉटरीबाहेर, थेट दहावा नंबर. पहिला गेला व्हाइट सॉक्सना.

मात्र नोव्हेंबर 2025 मध्ये बेसबॉल विभागाचे प्रमुख म्हणून पॉल डीपोडेस्टा आले, बाहेरून. घरातल्याच माणसाला बढती देण्याची सवय मोडली, हीच बातमी. काम काय करतील ते पिचरांच्या मिश्रणावरून कळेल.

कोरडीहवा

मग पैज त्यावरच लावू. 2026 मध्ये डोलँडरच्या पहिल्या 8 घरच्या सामन्यांत मोठा कर्व्ह किती टक्के टाकला, ते मोजा. प्रमाण निम्म्यावर आलं आणि ईआरए 5 च्या खाली गेला, तर अंगण सरळ करता येतं हे मी लिहून देतो. कर्व्ह कमी होऊनही ईआरए 7 च्या वर राहिला, तर म्हण तुम्ही मागे घ्यायची.

हिशेबनीस

मंजूर. पण बाहेरचे 8 सामनेही मोजायचे, आणि कर्व्ह तिथे वाढला की नाही तेही.

कोरडीहवा

मोजू. पावसाने थांबलेला सामना धरायचा नाही.